बाईंना विचारा : फुलबाज्या, भेट अंक आणि साभार परत

गणपती गेले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे दोन गठ्ठे पडतात. मी मिरजेच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते हे ज्यांना ठाऊक आहे ते फटाक्यांबद्दल विचारतात. मी कथा लिहिते हे ज्यांना ठाऊक आहे ते दिवाळी अंकांबद्दल विचारतात. यंदा एकाच पत्रात दोन्ही आलं, तेही न्यू जर्सीहून, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, आम्ही एडिसनजवळ राहतो. मराठीत लिहिणाऱ्या आम्ही पाचजणी महिन्यातून एकदा जमतो आणि एकमेकींचं लिखाण वाचतो. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सगळ्या सहकुटुंब आमच्याकडे असतात. मागच्या अंगणात कणसं, पावभाजी आणि अंधार पडला की फटाके. यंदा त्याच दिवशी सकाळी आमच्यातल्या एकीला भारतातून मेसेज आला की तिची कथा एका नावाजलेल्या दिवाळी अंकात घेतली. संध्याकाळी अंगणात येताच तिने ओरडून सांगितलं. टाळ्या, मिठ्या, फोटो सगळं झालं. पण आमच्यात सगळ्यांत जुनी लिहिणारी जी आहे, तिची कथा त्याच अंकाकडून नुकतीच परत आली होती. हे फक्त मला माहीत होतं. ती हसली, कणसं उलटायला गेली आणि मोठे फटाके सुरू व्हायच्या आत घरी निघाली. आता माझाही एक लेख दुसऱ्या अंकाने घेतला आहे आणि मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. दिवाळीच्या फराळाला पुन्हा सगळ्या येतील. कसं सांगू? सांगू की नको?
दुसरं, माझे धाकटे दीर पेनसिल्व्हेनियातून आकाशात उडणारे फटाके गाडीत घालून आणतात. जुलैत त्यातलं एक खोकं आडवं झालं आणि बार शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत गेले. "वहिनी, सगळेच आणतात," असं त्यांचं म्हणणं. दिवाळीलाही आणणार आहेत.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी दिरांचं बघू, ते सोपं आहे. "सगळेच आणतात" हे वाक्य मी नववीच्या वर्गात कॉपीच्या चिठ्ठ्या पकडताना पुष्कळदा ऐकलेलं आहे.

तुमच्या राज्यात २०१७ च्या कायद्याने सोळा वर्षं पुरी झालेल्या माणसाला हातात धरायच्या किंवा जमिनीवर ठेवून लावायच्या फुलबाज्या, नागगोळ्या असल्या किरकोळ वस्तू घेता येतात. हवेत जाणारं आणि धडाडणारं काही घरगुती माणसाने उडवायचं नाही. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात कायदा सैल आहे, म्हणून तिथली दुकानं भरलेली असतात; पण पूल ओलांडून गाडी तुमच्या बाजूला आली की डिकीतला माल बेकायदा. वर मॅसॅच्युसेट्समध्ये तर साधी फुलबाजीही चालत नाही. म्हणजे तुमच्या वाट्याला मधलं राज्य आलं आहे, तेवढ्यावर समाधान मानायला हरकत नसावी.

कायद्याने दीर ऐकत नसतील तर पदार्थविज्ञान सांगा. त्या खोक्यात नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि एकेक करून सुटतात. प्रत्येक बार वर जाताना खोक्याला खाली दाबतो. खाली सपाट फरशी असेल तर ते जागेवर राहतं. खाली हिरवळ असेल तर एका बाजूने रुततं, पुढच्या बाराला कलतं आणि त्याच्या पुढच्याला झोपतं. जुलैत जे झालं ते दैवाने झालेलं नाही. हिरवळीवर ते पुन्हा होईल. आणि दिवाळीला तुमच्याकडे झाडांची पानं गळालेली असतात, अंगणभर वाळका पाला. जुलैत कुंपण वाचलं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाचेलच असं नाही.

दारूकामाची हौस अमेरिकेतही जुनी आहे हे मी मान्य करते. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्स यांनी ३ जुलै १७७६ ला बायकोला पत्र लिहून भाकीत केलं होतं की हा दिवस पुढे देशभर होळ्या पेटवून आणि रोषणाई करून साजरा होईल. त्यांच्या मनात तारीख मात्र २ जुलै होती, कारण स्वातंत्र्याचा ठराव त्या दिवशी झाला होता. (इतिहासाने त्यांना दोन दिवसांनी हुकवलं.) पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात ४ जुलैच्या रात्री दारूकाम झालं, त्याची सुरुवात तेरा बाणांनी आणि शेवटही तेरा बाणांनी. वसाहती तेरा होत्या म्हणून. पण ते गावाच्या मोकळ्या मैदानावर झालं, कुणाच्या परसात कुंपणाला टेकून नाही. आजही तुमच्या गावोगावच्या नगरपालिका परवानाधारक माणसांकडून तेच करवून घेतात. दिरांना घेऊन तिकडे जा. घरी फुलबाज्या आणा, पाला झाडून घ्या, पाण्याची बादली ठेवा. दीर लाडके असतील, पण अंगण तुमचं आहे आणि शेजारीही तुमचेच आहेत.

आता अवघड भाग.

लपवू नका. दया म्हणून लपवणार असाल तर मुळीच नका. दिवाळी अंक हातात आला की लिहिणारा माणूस संपादकीय वाचत नाही, चित्रं बघत नाही, थेट अनुक्रमणिकेवर जातो. तुमचं नाव तिला तिथे दिसणार आहे. त्या क्षणी तिला दोन गोष्टी कळतील, तुमचा लेख आला आणि तुम्ही तो तिच्यापासून झाकून ठेवला. पहिली ती पचवेल. दुसरी तिच्या मनात राहील, कारण तुम्ही तिला कमकुवत समजलात असा तिचा अर्थ होतो.

फराळाच्या आधी, तिला एकटीला, सगळ्यांत आधी सांगा. आता मी जे म्हणणार आहे ते काहींना पटणार नाही. फोन करू नका, दोन ओळींचा मेसेज पाठवा. आपल्याकडे फोन केला की जिव्हाळा आणि मेसेज केला की कोरडेपणा असं समजतात. या एका बाबतीत उलट आहे. फोनवर तिला त्याच सेकंदाला आनंद दाखवावा लागतो, आवाजात. मेसेज ती वाचेल, फोन ओट्यावर उपडा ठेवेल, भाजीला फोडणी देईल आणि मग तिच्या सोयीने "अभिनंदन" लिहील. ते अभिनंदन खरं असेल.

मजकूर असा ठेवा: अमुक अंकाने माझा लेख घेतला, विषय हा, तुला आधी सांगावंसं वाटलं. बस. "तुझंही नक्की होईल" लिहू नका, ते तुमच्या हातात नाही. "माझं काय गं, नशीब" असंही नको. ज्याची कथा परत आली आहे त्याच्यासमोर नशिबाचा हवाला देणं म्हणजे त्याचं नशीब फुटकं म्हणणं. आणि "तुझी कथा खरं तर माझ्या लेखापेक्षा सरस होती" हे तर अजिबात नको. तिची कथा परत आल्याचं तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलं. तो विषय तिने काढला तरच निघेल.

ओरडून सांगणारीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं टेबलापाशी एकटीने बसून लिहिणाऱ्या बाईला एक दिवस अंगणात ओरडावंसं वाटलं तर ओरडू द्यावं. मागाहून तिला बाजूला घेऊन "अगं, तेव्हा ती होती ना" असं सांगायला जाऊ नका. तिचा आनंद तर नासेलच, शिवाय दुसरीची गोष्ट फुटेल.

परत येण्याबद्दल थोडं बोलते, कारण परदेशात राहून पाठवणाऱ्यांना इथली घाई दिसत नाही. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं. जून-जुलैत मजकूर मागवला जातो, गणपतीच्या आसपास पानं लागतात. मध्ये जाहिराती येतात किंवा येत नाहीत. जाहिरात आली नाही की पानं घटतात, आणि पानं घटली की दहा पानांची कथा आधी बाहेर जाते, दोन पानांची कविता राहते. एकाच अंकात म्हाताऱ्या आईवर तीन कथा आल्या असतील तर दोन परत जातात, मग त्या कितीही चांगल्या असोत. "साभार परत" या दोन शब्दांत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. लेखक मात्र रात्रभर त्यात आपली किंमत वाचत बसतो.

आमच्या सांगलीच्या लिहिणाऱ्या मंडळींत एक रीत आहे, तुम्हाला जमली तर घ्या. बैठक सुरू होताना प्रत्येकाने सांगायचं: काय पाठवलं, काय परत आलं, काय लागलं. याच क्रमाने. ज्याचं छापून येतं त्याने भडंग आणायचा, ज्याचं परत आलं त्याच्याकडून त्या दिवशी चहाचे पैसे घ्यायचे नाहीत. एकदा एका गृहस्थांनी चहा फुकट मिळावा म्हणून न पाठवलेली कथा परत आल्याचं सांगितलं होतं, ते सोडा. पण परत आलेलं उघड बोलायची सवय लागली की लागलेलं सांगताना कुणाला इकडेतिकडे बघावं लागत नाही.

प्रश्न : बाई, नातू सहा वर्षांचा आहे. शेजारच्या वहिनींना दमा आहे म्हणून मी त्याला आवाजाचं काही देत नाही. फक्त नागगोळ्या आणि फुलबाज्या, कारण त्या निरुपद्रवी. मुलगा म्हणतो हरित फटाके आणू. हे खरोखर असतात की नुसतं खोक्यावर हिरवं छापतात?
– एक आजोबा, इचलकरंजी

उत्तर : आजोबा, मन चांगलं पण निवड उलटी पडली. नागगोळीला आवाज नाही, म्हणून आपल्याला ती गरीब वाटते. २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मुलांच्या आवडीचे सहा प्रकार पेटवून त्यांच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले. हे इतके बारीक असतात की थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. त्या सहांत पहिला नंबर नागगोळीचा आला: घनमीटर हवेत ६४,५०० मायक्रोग्रॅम. फुलबाजी १०,३९०. आणि सगळ्यांत कमी कुणाचा, तर अनाराचा, ४,८६०. माळ त्या यादीत दुसरी होती. म्हणजे वहिनींच्या दम्यासाठी तुम्ही आवाज बंद केलात आणि सर्वांत जास्त धूर करणारी वस्तू त्यांच्या खिडकीखाली ठेवलीत. शिवाय फरशीवर काळा डाग पडतो, तो संक्रांतीपर्यंत जात नाही.

लगेच सगळे अनार आणायला धावू नका. अनार कधी कधी कारंजं न होता फुटतो, आणि नेमका त्यावर वाकलेल्याच्या तोंडावर. तो मोठ्या माणसाने लांब उदबत्तीने, बाजूला उभं राहून लावायचा. विझला असं वाटून बघायला जायचं नाही, थोड्या वेळाने त्यावर पाणी ओतायचं. पुन्हा पेटवायचा तर नाहीच.

फुलबाजीही दिसते तेवढी साधी नाही. तारेवरच्या लेपात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, लोखंडाचा कीस, ऑक्सिजन पुरवणारं एक नायट्रेट आणि डिंकासारखं काही चिकट असतं. उडणारे सोनेरी कण म्हणजे हवेत जळणारं लोखंड. टोकाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. आपण ते सहा वर्षांच्या मुलाच्या हातात देतो आणि वर फोटोसाठी "जवळ धर" म्हणतो! हात लांब, केस बांधलेले, सुती कपडे, पायात चप्पल. चप्पल सगळ्यांत महत्त्वाची, कारण विझलेली तार काळी दिसते, गार दिसते, आणि मुलं अनवाणी तिच्यावर पाय देतात. पाण्याची किंवा वाळूची बादली मधोमध ठेवा आणि तार तिच्यातच टाकायची असा नियम करा. नातवाला तो "चुर्र" आवाज फुलबाजीइतकाच आवडेल. भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फ नाही. फोड मोठा असेल किंवा डोळ्याला काही लागलं असेल तर थेट डॉक्टर.

हरित फटाके असतात. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने त्यांचे नुस्खे केले. बेरियम नायट्रेट वगळायचं, अ‍ॅल्युमिनियम कमी करायचं, एका प्रकारात जळताना पाण्याची वाफ सुटून धूळ खाली बसेल अशी योजना करायची. कण निदान तीस टक्क्यांनी कमी व्हावेत ही अट. तेव्हा "हरित" म्हणजे बिनधुराचा नव्हे, थोड्या कमी धुराचा. खोक्यावर नीरीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, तो मुलाला मोबाइलवर तपासायला सांगा. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर तुमची शंका रास्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या निकालात जोडलेल्या माळांवर बंदी घातली, बेरियमवरही घातली, आणि दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. तमिळनाडूने पहाटेची सवलत मागितली, कारण त्यांची दिवाळी पहाटे असते. त्यांना दोन तासांच्या मर्यादेत वेळ बदलायची मुभा मिळाली. आपलं अभ्यंगस्नानही पहाटेचंच, पण आपण ती मुभा मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तुमच्याकडे यंदा काय वेळ आहे ते स्थानिक पोलिसांच्या आदेशात बघा.

माळेवरून आठवलं. आमच्या लहानपणी फटाके दोन दिवस आधी सुपात घालून गच्चीवर उन्हात ठेवायचे, दमट राहू नयेत म्हणून, आणि राखणीला सगळ्यांत धाकट्याला बसवायचं. मग चौघा भावंडांत वाटणी. मोठा भाऊ सुतळी बॉम्ब स्वतःकडे ठेवायचा आणि आम्हाला टिकल्या जास्त द्यायचा. संख्या बरोबर, हिशेब लबाड. लवंगीची माळ कुणी अख्खी लावत नसे. ती उसवून एकेक लवंगी वेगळी करायची आणि उदबत्तीने उडवत पुरवायची, थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. न्यायालयाने माळ बंद केली तेव्हा मला वाटलं, हे आमच्या आईने काटकसरीपोटी आधीच केलं होतं.

वहिनींना मात्र विचारा. "आज साडेआठ ते नऊ आम्ही अंगणात आहोत, चालेल का?" एवढंच. त्या खिडक्या लावून आतल्या खोलीत बसतील, किंवा "उद्या करा, आज श्वास बरा नाही" म्हणतील. मग उद्या करा.

प्रश्न : बाई, मी एकवीस वर्षांचा आहे. माझी पहिली कविता यंदा एका दिवाळी अंकात येते आहे. संपादकांनी मानधन नाही, पण अंकाच्या दहा प्रती विकत घ्या असं सांगितलं. घेऊ का? आणि मी बातमी कवींच्या ग्रुपवर टाकली तर फक्त दोन अंगठे आले.
– एक नवकवी, लातूर

उत्तर : प्रती घेऊ नकोस. मानधन न देणारे अंक पुष्कळ आहेत, तिथे एक भेट अंक मिळतो, आणि नवीन माणसाने तेवढ्यावर छापून घेण्यात कमीपणा नाही. पण ज्याची कविता छापायची त्यालाच अंक विकायचा, हा कवितेचा व्यवहार नव्हे. नम्रपणे कळव की एक प्रत हवी, बाकी जमणार नाही. त्यावर कविता काढली गेली तर दुसरीकडे पाठव.

अंगठ्यांचं म्हणशील तर, दिवाळीच्या तोंडावर त्या ग्रुपमधला प्रत्येकजण स्वतःच्या बातमीची वाट बघत असतो. तुझी बातमी वाचून त्यांना स्वतःची आठवते. वाईट माणसं नाहीत ती. मुखपृष्ठाचा आणि कवितेच्या पानाचा फोटो अंक आल्यावर एकदा टाक, चाळीस ग्रुपांवर नको. आणि तुझ्या मराठीच्या सरांना किंवा बाईंना छापील पान घेऊन प्रत्यक्ष जाऊन भेट. आम्हा मास्तर लोकांना असं कुणी आलं की आठवडाभर पुरतं.

प्रश्न : पेशवाईत पुण्यात दारूकाम होत असे का? आमच्या मंडळाला दिवाळीत तसा देखावा करायचा आहे.
– एक कार्यकर्ते, वाई

उत्तर : होत असे. भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास लिहिला, त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक गंमत दिली आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोटा शहराच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं: चार दिवस लाखो दिवे, आणि शहराबाहेर राजा "दारूची लंका" करवतो. मधोमध दारूचा रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंका पेटवतो. पेशवे वयाने पोरसवदा. ऐकून त्यांनाही ते हवंसं झालं. महादजींनी पंधरा दिवसांत तयारी करून पर्वतीजवळ, अंधाऱ्या रात्री ती लंका जाळून दाखवली, आणि सरदारांपासून रयतेपर्यंत सगळं पुणं बघायला लोटलं.

तुमच्या पत्रात लंकेच्या मिश्रणाचं प्रमाण विचारलं आहे. ते मी देणार नाही, आणि कुणी दिलं तर घेऊ नका. परवान्याशिवाय दारू कुटणं हा गुन्हा आहे आणि त्यात बोटं जातात. रावण बांबूचा आणि कागदाचा करा, आत पिवळ्या दिव्यांची माळ सोडा. मारुतीला तारेवरून ओढा. शेपटीला लाल-केशरी रेशमी कापडाच्या चिंध्या आणि खालून एक टेबल पंखा, एवढ्यात आग दिसते. पंख्याची वायर मात्र गर्दीच्या पायात येणार नाही अशी न्या.